शिट्टीच्या आधी उठणारे मामा

हातात काठ्या घेतलेले तीस धिप्पाड पुरुष, माकडटोपी घातलेल्या एका पंचाहत्तरीच्या सडपातळ गृहस्थांकडे चोरून बघत खेळतात आणि ते गृहस्थ खुर्चीत नुसते चुळबुळले तरी त्या तिसांच्या काठ्या हवेतच थांबतात, असं दृश्य साऱ्या जगात एकाच ठिकाणी बघायला मिळायचं. लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पलीकडे, मोटरवेच्या कडेला, विजेच्या उंच मनोऱ्यांखाली पसरलेल्या एका कायम ओल्या मैदानावर. ते गृहस्थ माझे मामेसासरे, म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा. त्यांच्यासारखा प्रेमळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्याइतकी भीतीही मला आजवर कुणाची वाटलेली नाही.

मामा हाडांचे डॉक्टर. तरुणपणी नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आले, पिनरला घर घेतलं, तीसएक वर्षं लोकांची हाडं जोडली आणि रिटायर झाले. रिटायर झाले ते हॉस्पिटलातून, हाडांतून नाही. त्यांच्या लेखी माणसाला नाव नसतं, मोडलेलं हाड असतं. फोनवर सांगायचे, "अगं, काल डावं मनगट भेटलं होतं सेन्सबरीच्या दुकानात, तुझी आठवण काढत होतं." हस्तांदोलन करताना समोरच्याची बोटं एकेक करून चाचपायची त्यांना सवय. वॉटफर्डच्या आमच्या गणपतीत एका नव्यानेच आलेल्या आयटीतल्या मुलाचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला होतास ना?" तो मुलगा आरती संपेपर्यंत त्यांच्यापासून चार माणसं दूर उभा होता. झाड पेरूचंच होतं, हे त्याने मला नंतर प्रसाद घेताना हळूच सांगितलं. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा मामांनी माझी ओळख सगळ्यांना करून दिली ती अशी: "ही आमची सून. हिचं अजून काही मोडलेलं नाही." त्या 'अजून'वर मी पुढे बरेच दिवस विचार करत होते.

हर्लिंग हा खेळ त्यांच्या आयुष्यात आला तो एका आयरिश सिस्टरमुळे. तिने आपल्या भावाला कॅज्युअल्टीत आणलं, त्याची चार बोटं चार दिशांना. मामांनी विचारलं, "कुठल्या मशीनमध्ये हात गेला?" तो म्हणाला, मशीन नाही डॉक, रविवारची मॅच. पुढच्या रविवारी मामा बघायला गेले आणि तिथेच राहिले, क्लबचे बिनपगारी डॉक्टर म्हणून. आपल्याकडच्यांना हा खेळ समजावून सांगायचा तर हॉकी, विटीदांडू आणि भाऊबंदकी एकत्र करावी लागेल. पुढे चपटी होत गेलेली लाकडी काठी, क्रिकेटच्या बॉलएवढा कडक चेंडू, आणि तो हवेत असताना पाच-सहा जणांनी एकदम काठ्या फिरवायच्या. पंधरा आपले, पंधरा त्यांचे. आमचे हिरव्या जर्सीतले, हिरवे, म्हणजे अंगावर जाणारे. बांधकामावरचे, प्लंबर, छपरं शाकारणारे. खांद्याने भिंत पाडतील असे. त्यांचे हाडवैरी पिवळे, टेम्सच्या दक्षिणेकडचे. ते ताकदीत कमी, पण काठीवर चेंडू तोलून असे पळायचे की मला शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवायची, फक्त वाटेत दोन गाड्या आडव्या घातल्यासारख्या.

मामांचा या सगळ्यातला वाटा म्हणजे शिस्त. "खेळायला सगळे शिकवतात, पडायला कुणी शिकवत नाही," असं म्हणून ते दर बुधवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून हिरव्यांना पडायला शिकवायचे. स्वतः पडून दाखवायचे. पंचाहत्तरीचा माणूस खांदा आत घेऊन लाटण्यासारखा गोल फिरत गादीवर जायचा, आवाज न करता उठायचा, आणि शंभर किलोचे प्लंबर माना हलवत एकामागून एक तसेच गडगडायचे. नंतर सगळ्यांना चिवडा. त्या चिवड्यासाठी पिवळ्यांचे दोघे-तिघेही टेम्स ओलांडून यायचे आणि मामा त्यांनाही तितक्याच मन लावून पाडायचे.

डोळ्यांना अंधूक दिसू लागल्यावर मामांनी स्वतःहूनच लायसन्स परत केलं आणि त्यांना मैदानावर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. नवरा आठवडाभर वॉटफर्ड-केंब्रिज करून रविवारी झोपायचा. पहिल्याच दिवशी मी पाहिलं, मामांनी घडीची खुर्ची उघडली ती मैदानाकडे पाठ करून. मग डोळे मिटले.

"मामा, मॅच मागे आहे."

"मला बघायची नाहीये. ऐकायचीये."

आणि खरंच, ते ऐकायचे. पाठीमागे लाकडावर लाकूड आपटलं की हळूच म्हणायचे, "काठी." पुन्हा आवाज आला की, "काठी. काठी. हेल्मेट. काठी." मला सगळे आवाज सारखेच. धुकं होतं, मनोऱ्यांवरच्या तारा गुणगुणत होत्या, आणि मी थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते. तेवढ्यात मामा उठले. बॅग घेतली, कडेकडेने चालत पार लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथे कुणी नव्हतं. खेळ दुसऱ्या टोकाला चालला होता. मला वाटलं, लघवीला गेले असतील. मिनिटभराने चेंडू उंच उडाला, धुक्यातून त्या कोपऱ्यात आला, त्याच्यामागे तिघे आले, आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. रेफरीने शिट्टी फुंकली तेव्हा मामा गुडघ्यावर बसून बॅगेचा पट्टा सोडत होते.

परत येताना मी गाडीत विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज आला."

"पण आवाज तर नंतर आला, मामा. तुम्ही आधी उठलात."

"हो का?" ते जरा विचार करून म्हणाले, "मला आधीच आला बुवा. हीटर लाव जरा, पाय गार पडलेत."

नंतर मी मोजायला लागले. दर वेळी व्हायचं असं नाही, पण व्हायचं तेव्हा चुकायचं नाही. मामा उठले की मैदानाच्या त्या भागातले खेळाडू हळूच बाजूला सरकायचे. एकदा ते उठून अगदी मधल्या रेषेपाशी जाऊन उभे राहिले, तर मिनिटभर मधल्या रेषेवर कुणी फिरकेना. सगळे कडेकडेने खेळत होते. शेवटी रेफरीच तिथून धावताना पाय मुरगळून पडला. हिरवे पोट धरधरून हसले. पिवळे हसले नाहीत.

माझं हसणंही एका शनिवारी सकाळी थांबलं. मामा आमच्याकडे पोहे खायला आले होते. मी ओट्याशी लिंबू कापत होते आणि ते टेबलाशी बसून कौन्सिलला कचऱ्याच्या बिन्सबद्दल शिव्या देत होते. मधेच बोलायचं थांबले आणि ताट बाजूला सारून उठले. मी वळून म्हटलं, "काय झालं मामा?" आणि वळता वळता सुरी माझ्या बोटावरून गेली. त्यांनी नळाखाली बोट धरलं, पट्टी बांधली, तीही इतक्या हळुवारपणे की मला आईची आठवण आली. पण मी चिडले होते. म्हटलं, "तुम्ही उठलात म्हणून मी दचकले. तुम्ही उठला नसतात तर कापलंच नसतं."

"असेलही," ते म्हणाले. "मलाही कधीकधी असंच वाटतं." आणि गार झालेले पोहे खायला बसले.

नेमकी हीच तक्रार पिवळ्यांनी केली. हिवाळ्याच्या सुरुवातीला क्लबहाउसमध्ये मीटिंग झाली. पिवळ्यांचा मॅनेजर रिटायर झालेला शाळामास्तर, बारीक आवाजाचा, सभ्य माणूस. तो म्हणाला, "मी जादूटोण्याची भाषा करत नाही. मी एवढंच म्हणतो की डॉक्टर उठले की माझी मुलं चेंडूऐवजी त्यांच्याकडे बघतात, आणि या खेळात दुसरीकडे बघितलं की दात जातात." आमचा कॅप्टन, ज्याला मामा 'दोन्ही कॉलरबोन' म्हणायचे, जमिनीकडे बघत राहिला. असं ठरलं की रेफरीची शिट्टी होईपर्यंत डॉक्टरांनी खुर्ची सोडायची नाही. सोडली तर वर्षभर मैदानावर यायचं नाही. मला वाटलं मामांना वाईट वाटेल. पण ते म्हणाले, "बरोबर आहे यांचं. मी शब्द देतो," आणि कागदावर सही केली. मग मास्तरांचा हात हातात घेऊन जरा वेळ धरून ठेवला. म्हणाले, "तिसरं बोट थंडीत दुखतं ना?" मास्तरांनी हात काढून घेतला.

पुढच्या दोन मॅचेस मामा बसून राहिले. ते बघणं भयंकर होतं. एरवी झोपल्यासारखे शांत बसणारे मामा मधेच ताठ व्हायचे, खुर्चीचे हात घट्ट धरायचे, ओठ पांढरे पडायचे. मी खेळाकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत बसायचे. दोनदा पाठीमागे तो आवाज झाला, दोनदा शिट्टी झाली, मग ते बॅग घेऊन धावले. दुसऱ्या वेळी आमच्याच एकाचा जबडा मोडला होता. त्या दिवशी मी मामांना पिनरला सोडायला गेले. घरासमोर गाडी थांबवली तरी उतरले नाहीत.

"तुझ्या मामींचं तुला सांगितलं का मी कधी?" त्यांनी विचारलं.

मामी गेल्या त्या माझ्या लग्नाच्या आधी, हार्ट अटॅकने, स्वयंपाकघरात. मला एवढंच माहीत होतं.

"मी मागच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होतो," मामा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "आत भांडं पडल्याचा आवाज आला. स्टीलचं, आणि त्याच्यामागून काहीतरी जड. मी उठून गेलो. तर ही पोळ्या लाटत होती. काहीच पडलेलं नव्हतं. मला म्हणाली, 'काय हो, भूक लागली का इतक्यात?' मी परत येऊन बसलो. दहा मिनिटांनी पुन्हा आवाज आला. तस्साच. भांडं, आणि मागून जड. मी म्हटलं, आता कानाचं काहीतरी बघायला हवं. आणि कोडं पूर्ण केलं."

इंजिन चालू होतं. मला ते बंद करायचंही सुचलं नाही.

"दुसऱ्यांदा मी उठलो नाही," ते म्हणाले. "म्हणून आता उठतो. पण शब्द दिलाय, तर बसायला हवं. बघू."

फायनल पिवळ्यांशीच होती. सकाळपासूनचं धुकं दुपार झाली तरी मैदानावर बसून होतं, समोरचे गोलपोस्ट बुडल्यासारखे दिसत होते. त्या दिवशीसारखा खेळ मी पाहिला नाही. हिरवे खांदे लावत होते, पिवळे त्यांच्या काखेखालून निसटत होते, काठीवर काठी कडाडत होती, आणि एवढं असून कुणी कुणाला शिवी दिली नाही की मुद्दाम मारलं नाही. शेवटची पाचएक मिनिटं उरली असताना दोघांचे पॉइंट सारखे होते. आमचा एकजण चेंडू घेऊन सुटला, त्याच्यासमोर फक्त पिवळ्यांचा गोलकीपर.

मामा उठले.

"मामा, बसा!" मी ओरडले. त्यांच्या कोटाची बाही पकडली. "अहो, शब्द दिलाय तुम्ही!"

त्यांनी बॅग उचलली होती. ती त्यांनी परत खाली ठेवली. तीन वर्षांत मी त्यांना बॅगेशिवाय कधी मैदानात जाताना पाहिलं नव्हतं. "सोड," ते म्हणाले, आणि कडेने नाही, सरळ मैदानातून पळत सुटले. माकडटोपी, मफलर, पंचाहत्तरीचे पाय. आमचा जो सुटला होता त्याच्या पुढ्यातूनच ते गेले. त्याने अंग आवरलं आणि चेंडू सोडून दिला. रेफरी शिट्टीवर शिट्टी फुंकत होता. मास्तर आपला बारीक आवाज फाटेपर्यंत ओरडत होते. आमचे स्वतःचे लोक डोकं धरून उभे होते, हातातली फायनल गेली म्हणून.

मी मागोमाग धावले. गोलकीपर चाळिशीचा, शांत, इलेक्ट्रिशियन होता. त्याचं कधीच काही मोडलं नव्हतं, म्हणून मामांकडे त्याला नावही नव्हतं. तो काठी हातात घेऊन ठणठणीत उभा होता. मामा धापा टाकत त्याच्यासमोर उभे राहिले.

"खाली बस," मामा त्याला इंग्रजीत म्हणाले. "प्लीज. लगेच."

"मला काही झालेलं नाही, डॉक."

एव्हाना सगळे गोळा झाले होते. तीस माणसं गोल करून उभी, धुक्यात त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. आणि काहीच झालं नाही. रेफरीने खिशातून वही काढली. मला मामांची इतकी लाज वाटली की मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "चला मामा, घरी जाऊ." गोलकीपरला त्यांची दया आली असावी. तो हसला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "हे बघा, मी एकदम ठी..."

आणि खाली बसला. मग आडवा झाला.

मामांनी गुडघे टेकले आणि त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला सुरुवात केली. "क्लबहाउसच्या भिंतीवर पेटी आहे, शॉकची, पळ!" हे मला. मी आयुष्यात तशी पळाले नव्हते. परत आले तेव्हा मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. दोन रांगा लागल्या होत्या. एक हिरवी, एक पिवळी. मामा कडेला गुडघ्यावर बसून घड्याळ बघत होते आणि म्हणत होते, "दोन मिनिटं. पुढचा." हिरवा उठायचा, पिवळा बसायचा. जे खांदे तासभर एकमेकांना भिडले होते तेच आता आळीपाळीने एका छातीवर, मोजून, एका लयीत. कुणी घाई केली नाही, कुणी रांग मोडली नाही. मास्तर मोठ्याने आकडे मोजत होते. मधेच छातीतून कडकड असा आवाज आला आणि आमचा कॅप्टन घाबरून थांबला.

"थांबू नकोस," मामा म्हणाले. "बरगड्या आहेत. त्या मी नंतर बघतो."

शॉक दिला. पुन्हा दाबलं. पुन्हा शॉक. अ‍ॅम्ब्युलन्स गवतावरून चाकं रुतवत आली तेव्हा तो माणूस स्वतःच्या श्वासाने श्वास घेत होता. मामा तिथेच चिखलात बसून राहिले. त्यांना उठवायला दोन हिरवे आणि एक पिवळा लागला.

तो वाचला. मॅच दोन आठवड्यांनी पुन्हा झाली आणि आम्ही हरलो. मास्तर स्वतः पिनरला आले, ओशाळत म्हणाले की बंदीचा कागद त्यांनी फाडून टाकलाय. मामा म्हणाले, "कागद तुमचा होता, शब्द माझा होता. वर्ष म्हणजे वर्ष." मी खूप समजावलं, पण ऐकतील तर ते मामा कसले. मास्तर गेल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय ऐकू आलं?"

"काहीच नाही," मामा म्हणाले. "तेच तर. बाकी सगळं ऐकू येत होतं. काठ्या, बूट, त्या वरच्या तारा. फक्त त्या एका गोलपाशी काही नव्हतं. भोक पडल्यासारखं. हाडाचा आवाज असता तर बॅग घेऊन गेलो असतो." मग जरा थांबून, "तेव्हापासून काही येत नाही गं. सगळं आपापल्या वेळी ऐकू येतं, चारचौघांना येतं तसं. बरं वाटतं."

आता रविवारी मामा घरीच असतात. दुपारचे मागच्या काचेच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसतात, आणि गोलकीपर येतो. बरा झाल्यावर एकदा आभार मानायला म्हणून आला, तेव्हापासून दर रविवारी येतो. मामांनी त्याला आता 'बरगड्या' असं रीतसर नाव दिलंय. तो पुन्हा खेळणार नाही, हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मनाई केली आहे. कुंपणाची हेज कापतो, छपराचं गटर साफ करतो, चिवडा खातो. दोघं फारसं बोलत नाहीत. मामांनी त्याला मामींचं सांगितलंय की नाही, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

गेल्या रविवारी मी डबा घेऊन गेले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेले तर घर अगदी शांत. काचेच्या खोलीत ऊन आलं होतं. मामा खुर्चीत मान कलती करून झोपले होते, अंगावर शाल. गोलकीपर त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला होता, कोपर गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. चहा तसाच गार झालेला. मी काही बोलणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "किती वेळ झोपलेत?"

"तासभर झाला असेल."

"मग तू निघायचंस ना. मी आहे आता."

"नको, बसतो की," तो म्हणाला. त्याची नजर मामांच्या छातीवर होती, शाल वर जात होती तिथे. ती वर गेली, खाली आली. तो पुढच्या श्वासाची वाट बघत थांबला. श्वास आल्यावर म्हणाला, "उठेपर्यंत बसतो."

मी डबा टेबलावर ठेवला, आवाज होणार नाही असा, आणि दुसरं स्टूल आणून त्याच्या शेजारी बसले.